लोक माझा आदर करतात

"ऊठ. तुझ्यावरच लावून दाखवू."

लातूर. संशोधनाचा वर्ग. सरांच्या हातात आत्मसन्मान मोजायची प्रश्नावली. सर माझे पीएच.डी.चे गाईड. वर्गात अकरा जण, दलित वस्तीतून आलेली मी एकटी. सगळ्यांच्या समोर मी एकेका विधानापुढं खूण करत गेले. 'लोक माझा आदर करतात.' मी 'असहमत'वर खूण केली. खरं तेच लिहिलं.

सरांनी गुण मोजले. मोठ्यानं वाचले. "अत्यंत कमी. बघा, या लोकांत मुळात आत्मसन्मानच नसतो."

मागून कुणीतरी हसलं. माझे कान तापले. वर्षभर मीही तेच मानलं. माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मग तीच प्रश्नावली घेऊन देवणी तालुक्यात गेले. सोयाबीन काढणाऱ्या बायांकडं. कांताबाई विळा बाजूला ठेवून बांधावर बसली. मी वाचलं, "लोक माझा आदर करतात."

"कशाचा आदर, बाई? मालकीण वरून वंजळीत पाणी वतते, भांडं देत न्हाई. म्हणून म्या तिथं पाणीच पेत न्हाई. घरून बाटली आणते. ऊन किती बी असू दे. लिव्ह."

लिहायला जागाच नव्हती. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', पाच चौकटी. नियमानं तिला सगळ्यांत कमी गुण द्यायचे होते.

पेन थांबला. आदर करत नाहीत ते लोक. गुण कापायचे कांताबाईचे. माझेही असेच कापले होते!

मी नवी प्रश्नावली बांधायला घेतली. विधानं बायांच्या तोंडची. 'अपमान करून दिलेलं मी घेत नाही.' 'कुणी घालूनपाडून बोललं तर तिथंच सांगते.' कांताबाईनं सगळी ऐकली. दोन खोडायला लावली. "असं कुणी बोलत न्हाई," म्हणाली.

सरांनी कागद चाळले. "ही विधानं काढ. हे मानसशास्त्र नाही, राजकारण आहे. विधानं तपासणारे तज्ज्ञ मान्य करणार नाहीत."

"तज्ज्ञांत कांताबाईला घ्या, सर."

"तिला काय कळतं?"

"अपमान कळतो."

सर उभे राहिले. "मग माझी सही मिळणार नाही."

"नका करू," मी म्हणाले आणि कागद उचलले.

गाईड बदलून मागायचा अर्ज दिलाय. दोघा प्राध्यापकांनी नाही म्हटलं. उद्या निलंग्याकडं निघणार आहे, आणखी बायांना विचारायला. वर्ष जाईल. नोंदणीही जाईल कदाचित. जाऊ दे. ती विधानं खोडून मिळणारी पदवी मला नको.