बेटाशी बोलताना थांबावं लागतं

माझे मामा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि ते माप मामांकडे यायचं. मग मामा त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायचे, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कोरायची हत्यारं, आणि वरच्या फळीवर ओळीने ठेवलेले बिनदातांचे जबडे. लहानपणी मला त्या जबड्यांची भीती वाटायची. मामा म्हणायचे, "अगं, घाबरतेस काय? चावतील कशाने?"

लोक त्यांना बत्तिशीवाले म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "आमचं बघा, भरलं!"

माणूस मनाचा मोठा होता, पण एक खोड होती. समोरच्याचं वाक्य ते पुरं होऊ द्यायचे नाहीत. तुम्ही 'पाणी' म्हणालात की मामा पेला भरून तुमच्या हातात द्यायचे, आणि तुम्हाला सांगायचं असायचं की पाणी सांडलंय. मामी म्हणायची, "ह्यांच्याशी बोलायचं तर शेवट आधी सांगावा लागतो."

त्यांना एकच मुलगा. मी त्याला दादा म्हणायचे. दादाचे हात राक्षसाचे. मामांनी त्याला टेबलाशी बसवून पाहिलं, पण मेणातला दात सरळ करायला जावं तर अख्खा जबडा त्याच्या मुठीत चुरायचा. तो रमायचा इंजिनांत. डिझेलवर चालणारं काहीही बंद पडलं की दादाला बोलावणं यायचं, आणि तो कोपरापर्यंत काळा होऊन, खूश होऊन परत यायचा. मामांना ते खुपायचं. "पिढीजात काम सोडून ग्रीस चोपडतोय," म्हणायचे. ते काम पिढीजात नव्हतंच, मामांनीच सुरू केलं होतं, पण त्यांना हे सांगणार कोण?

मग दादाला एक नोकरी चालून आली. दूर पॅसिफिक महासागरात एक बेट होतं. स्वतःचं राज्य नाही, कुठल्याशा लांबच्या देशाच्या ताब्यातला मुलूख. मूठभर वस्ती, विमानतळ नाही, महिनोन्‌महिन्यांनी एक बोट. तिथे विजेसाठी डिझेलचं पॉवरहाउस होतं आणि ते सांभाळायला माणूस हवा होता. दादाने अर्ज केला, विसरला, आणि एक दिवस होकाराचा कागद आला.

त्या दिवशी मी मामीबरोबर मागच्या खोलीत होते. दादा कागद घेऊन मामांच्या टेबलापाशी गेलेला आम्हाला दारातून दिसला.

"बाबा, मला जायचं..." तो म्हणाला.

"जायचंय तर जा!" मामा कडाडले. "मी काय पाय धरून बसू तुझे? घर, आई, धंदा, सगळं सोडून जा! वर विचारायला आलाय!"

 दादा कागदाची घडी घालून बाहेर गेला. पंधरवड्यात घरातूनही गेला. निरोप द्यायला मामा दाराशी आले नाहीत. टेबलावर कोणाचीतरी वरची कवळी होती, ती घासत बसले.

सुरुवातीला फोन मामीच करायची. घरी फोन नव्हता. टेलिफोन ऑफिसात जाऊन अर्ज भरायचा आणि बाकावर बसायचं. पहिल्यांदा काउंटरवरच्या कारकुनाने बेटाचं नाव वाचून मान हलवली. "बाई, असा देशच नाही."

"देश नाहीच आहे तो. पण माझा मुलगा आहे तिथे."

त्याने जाडजूड पुस्तक उघडलं, साहेबाला बोलावलं, आणि शेवटी कुठलातरी नंबर फिरवून दिला. पलीकडे एक पाववाला निघाला, कुठल्या देशातला देव जाणे. मामी बूथमध्ये "अरे, जेवलास का?" विचारतेय आणि तो बिचारा त्याच्या भाषेत पावाची ऑर्डर मागतोय. बाहेर येऊन मामी हसली, आणि मग रस्ताभर रडली.

खरा नंबर सापडायला बरेच दिवस गेले. बेटावर फोन एकच, पोस्टाच्या खोलीत. तिथे एक बाई होती. तिला फोन करायचा, दादाचं नाव घ्यायचं आणि ठेवून द्यायचा. ती माणूस पाठवून दादाला बोलवून घ्यायची, आणि मग आपण पुन्हा लावायचा. पुढे घरी फोन आला, पण रीत तीच राहिली. ती बाई इंग्रजी बोलायची. मामीला येत नव्हतं, म्हणून पहिलं बोलणं माझ्याकडे. मामा पुढच्या खोलीत मान खाली घालून काम करायचे. मामी बोलायला लागली की त्यांची कानस थांबायची, हे मात्र आम्हा दोघींना ठाऊक होतं.

एका आजारपणात मामी गेली. दादाला येता आलं नाही. बोट निघून गेली होती आणि पुढची यायला फार अवकाश होता. ती बातमी मी सांगितली. दादा एवढंच म्हणाला, "बाबांना दे."

मी फोन मामांच्या हातात दिला. इतक्या काळानंतर पहिल्यांदाच बापलेक बोलत होते, आणि ते बोलणं अगदीच फिसकटलं. त्या बेटाचा आवाज उपग्रहावरून यायचा. आपण बोललेलं पोचायला वेळ, तिकडचं यायला वेळ. मामांना तेवढा धीर कुठला? "अरे ऐकतोयस का? हॅलो? बोल की! दातखीळ बसली का?" आणि तेवढ्यात दादाचं आधीचं उत्तर येऊन त्यांच्या बोलण्यावर आदळायचं. दोघांचे शब्द एकमेकांत घुसून नुसता कालवा झाला आणि शेवटी फोन कटला. मामा म्हणाले, "याला अजून माझ्याशी बोलायचं नाहीये."

"मामा, तो बोलत होता. तुम्ही थांबला नाहीत."

पुढच्या वेळी पोस्टातल्या बाईनेच मला सांगितलं, "तुझ्या मामांना सांग, आपलं बोलून झालं की गप्प राहायचं. इथे सगळे तसंच करतात." मी मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवशी मी एक अजब गोष्ट पाहिली. आपलं वाक्य संपलं की मामा दोन बोटांनी स्वतःचा खालचा ओठ धरून बसले. डोळे मिटलेले, मान ताठ, आणि ओठ चिमटीत. तिकडून आवाज आला की ओठ सोडायचा. नंतर नंतर बोटांची गरज राहिली नाही.

मग फोन नियमाने होऊ लागले. इथली सकाळ आणि तिथली संध्याकाळ जुळायची. मामा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून फोनपाशी बसायचे, जसं काही कोणी बघणारच आहे. दादा इंजिनांच्या गोष्टी सांगायचा. खाऱ्या हवेने सगळं कसं गंजतं, फिल्टर आला नाही तर कापड कसं लावावं लागतं. मामा ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "पोरगा गमतीदार बोलतो गं. आईवर गेलाय." मुलगा चाळिशीला आला तेव्हा बापाला हा शोध लागला.

अशाच एका फोनवर मामांनी विचारलं, "तुला तिथे बरं वाटतं ना? म्हणजे तू हट्टाने गेलास म्हणून विचारतो." आणि थांबले.

दादाचा आवाज आला. मी शेजारीच होते, मला ऐकू येत होतं. "बाबा, मी हट्टाने नाही गेलो. मला जायचं नव्हतं. कागद हातात आला आणि घर सोडवेना. तेच सांगायला तुमच्याकडे आलो होतो. 'मला जायचं नाही' म्हणत होतो. तुम्ही 'नाही' येऊच दिलं नाहीत."

 लाइनवर नुसती घरघर. तिकडून दादा "बाबा? हॅलो?" म्हणायला लागला. आता थांबणं त्याला जड जात होतं.

"मग तेव्हाच ओरडून सांगायचं होतंस," मामा शेवटी म्हणाले. 

"रागावलो होतो. म्हटलं, जा म्हणतायत ना, जाऊन दाखवतो. आपलेच दात, आपलेच ओठ. आता सोडा ते. या वेळचा करार संपला की येतोच आहे. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या बोटीने."

मामांनी मागची खोली झाडून घेतली, भिंतीला रंग काढला. दादाच्या मापाची खाट मिळेना म्हणून सुताराला मुद्दाम लांब करायला सांगितली. "हात एवढे, तर पाय किती असतील!" दुकानात येणाऱ्या प्रत्येक बोळक्या तोंडाला ते सांगायचे, "मुलगा येतोय."

बोट यायच्या आधीच फोन आला, आणि तोही तिकडून. तिकडून फोन कधी यायचा नाही. पोस्टातली बाई मला म्हणाली, दादाच्या पोटात दुखतंय. अपेंडिक्स असावं असं नर्स म्हणते. बेटावर डॉक्टर नाही. बोट वळवली आहे, पण ती लांब आहे.

दवाखाना पोस्टाला लागूनच होता. तिने फोनची वायर खिडकीतून ओढून दादाच्या खाटेपर्यंत नेली होती.

"बाबा," दादा म्हणाला. आवाज खोल गेला होता. "बोट येतेय म्हणतात."

"येणारच. तू बोल. मी ऐकतोय." मामा थांबले.

बराच वेळ गेला. मग दादा म्हणाला, "आज तुम्ही बोला. मला ऐकायचंय."

जन्मभर दुसऱ्याला बोलू न दिलेला माणूस, आणि त्याला त्या क्षणी एक शब्द सुचेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मग त्यांची नजर टेबलावर गेली. "काल एक हेडमास्तर आले होते," त्यांनी सुरू केलं. "रिटायर झालेत. म्हणाले, कवळी छान आहे, पण पोरांवर ओरडताना बाहेर येते. म्हटलं, आता कुठली पोरं? तर म्हणतात, सवय गेली नाही, भिंतीवर ओरडतो." थोड्या वेळाने, समुद्र ओलांडून, दादाचं हसू आलं. बारीक, कण्हल्यासारखं. मामा बोलत राहिले. प्लॅस्टर महाग झालं, खाट लांब केली, भिंतीचा रंग जरा भडकच झालाय. मध्ये थांबायचे, तिकडचा श्वास ऐकायचे, पुन्हा बोलायचे. शेवटी त्या बाईचा आवाज आला. त्याला झोप लागली आहे, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमचा फोन तिनेच उचलला. मी नाव सांगायच्या आत ती रडायला लागली. मला मामांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला, त्या परक्या बाईचं रडणं पूर्ण होईपर्यंत ऐकलं आणि खाली ठेवला.

दादाला तिथेच पुरलं. आणायला काही मार्गच नव्हता.

त्यानंतर मामा काम करायचे, पण टेबलावरची बडबड संपली. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी इतके थांबायचे, की लोकांना वाटायचं ऐकू कमी येतंय. नवी गिऱ्हाइकं प्रश्न दोनदा विचारायची.

काही महिन्यांनी मामा मला म्हणाले, "त्या बाईला फोन लाव. त्याला ठेवलंय ती जमीन कोणाची आहे, विचार."

बाईने सांगितलं की जागा एका म्हाताऱ्या कोळ्याची आहे. त्याच्या होडीचं इंजिन दादा फुकट दुरुस्त करून द्यायचा, म्हणून त्याने परसातली जागा दिली. आजारपणात रात्रंदिवस तोच दादाजवळ बसून होता.

"त्याला काय हवंय विचार," मामा म्हणाले.

मी विचारलं. ती म्हणाली, त्याला काही नको. तो काही मागणारा नाही. मग जरा थांबून म्हणाली, एक दातही नाही त्याला, कित्येक वर्षं मासा कुस्करून खातो.

मी ते मामांना सांगताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता उठून बेटावर चालत जातील. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माप घ्यायची पावडर, ती भरून तोंडात धरायचे पत्र्याचे चमचे, सगळं डब्यात भरलं. माप कसं घ्यायचं ते माझ्याकडून फोनवर नर्सला समजावलं. डबा गेला. बोटीच्या मर्जीने किती महिने लागले, मी मोजले नाहीत. परत आलं ते माप एका बाजूने दबलेलं होतं. मामा त्या साच्यासमोर कितीतरी दिवस बसले. बोटाने चाचपायचे, भिंगातून बघायचे, न पाहिलेल्या माणसाची टाळू मनाने पुरी करायचे. माझ्या आठवणीत एवढं हळू त्यांनी दुसरं कुठलंच काम केलं नाही.

कवळी पोचल्यावर बाईने म्हाताऱ्याला फोनवर आणलं. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"'स' फुसकतोय," ते म्हणाले. "पुढचे दात जरा बाहेर गेलेत माझ्याकडून. दुखतं का विचार."

मी विचारलं. वाट पाहिली. बाई म्हणाली, डावीकडे दुखतं. पण काढायला तयार नाही. म्हणतोय, त्या पोराच्या बापाने केलीय.

हे मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याचा साचा पुढे ओढून त्याची डावी बाजू बोटाने चाचपली. मग म्हणाले, "सांग त्याला, रात्री काढून पाण्यात ठेवायची. नाहीतर हिरडी सोलते." आणि उठून आतल्या खोलीत गेले, त्या लांब खाटेवर पडून राहिले. मी दार ओढून घेतलं.

मामा त्यानंतर आणखी काही वर्षं जगले. म्हातारा त्यांच्याआधी गेला. बाईने कळवलं, की त्याला दादाच्या शेजारीच ठेवलंय. मग तीही रिटायर झाली, बेटावर घरोघर फोन आले, जुना नंबर बंद पडला. मी नवा नंबर शोधून लावला, तर एका कोवळ्या आवाजाच्या मुलीने उचलला. तिला दादा माहीत नव्हता. मामा म्हणाले, "असू दे. तिला कशाला त्रास?"

डोळ्यांनी साथ सोडली तसं त्यांनी काम बंद केलं. हत्यारं एका शिकाऊ डॉक्टरिणीला देऊन टाकली. शेवटच्या वर्षात मी एकदा त्यांना माझ्या मोबाइलवर ते बेट दाखवलं, उपग्रहाने वरून काढलेलं. सगळा निळा पडदा आणि मध्ये हिरवा ठिपका.

"एवढंच?" ते म्हणाले. "मोठं कर."

मी केलं. झाडं दिसली, पांढरी वाळू, दोनचार छपरं.

"आणखी मोठं कर."

आणखी मोठं केलं, तेव्हा सगळं पुसट झालं. मामा तरीही भिंग डोळ्याला लावून बघत राहिले. मी म्हटलं, "मामा, याच्यापुढे दिसत नाही."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "थांब गं," म्हणाले. "मी बघतोय."