विशेष कामगिरीचा रकाना

आमच्या आडनावाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, आणि तिच्यातल्या रायगड भागाची मुद्रितं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मी निवृत्त शिक्षिका. दुसऱ्याच्या चुका दिसायला मला अजून चष्मा लागत नाही. ज्यांच्या घरी असलं पुस्तक नसतं त्यांच्यासाठी सांगते : एका आडनावाचे जेवढे म्हणून होऊन गेले त्यांची पिढीवार नावं, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं. आणि शेवटी एक रकाना, 'विशेष कामगिरी'. त्या रकान्यात आमचा प्रत्येक पूर्वज धर्मपरायण, परोपकारी आणि करड्या शिस्तीचा आहे. एवढ्या जाडजूड पुस्तकात आळशी माणूस औषधाला सापडत नाही. एवढे सद्गुणी लोक ज्या घराण्यात झाले त्या घराण्यात भावकीची भांडणं कुठून आली, हे मात्र कुठे छापलेलं नाही.

या खेपेला घराण्यातल्या मुलींनी भांडून एक गोष्ट मिळवली. जावयांच्या घराण्यांचाही एकेक परिच्छेद घ्यायचा. माझी नात जर्मनीत असते आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं आहे. मी तिला फॉर्म पाठवला. जर्मन माणूस, म्हणजे रकाने शिस्तीत भरून येणार, याची मला खात्री होती. आलेही.

त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, खाली नातीनं मराठी केलं होतं. 'पणजोबा. रेल्वेत कारकून. विशेष कामगिरी : युद्धाच्या काळात खास गाड्यांची वेळापत्रकं तयार केली. या गाड्यांतून ज्यू माणसांना मारण्यासाठी छावण्यांकडे नेत असत. त्यांचं भाडं लावलं जाई. मोठ्यांना फक्त जाण्याचं, लहान मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. गाड्या कुठे जातात हे पणजोबांना माहीत होतं. युद्धानंतरही त्यांची नोकरी चालू राहिली. ते सन्मानानं निवृत्त झाले.'

मी पडवीत उभ्यानं वाचत होते. शेवटाला आले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मारणं मला ठाऊक होतं. शाळेच्या पुस्तकात होतं. पण अर्धं तिकीट? कुणीतरी टेबलाशी बसून, शाईची दौत नीट झाकून, ठरवलं असणार की चार वर्षांपर्यंत माफ. म्हणजे पोराचं वय कुणीतरी विचारलंही असेल. यष्टीत कंडक्टर विचारतो तसं. आणि आईनं सांगितलं असेल. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. सुनेला वाटलं, माझं पित्त खवळलं.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे धक्का नेमका कुठे बसला ते कळेल. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मी म्हसळ्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. इस्त्रीची साडी, हातात छडी आणि डोक्यात जर्मनी. दुसरं काही तिथे फारसं शिरत नसे. फळ्यावर रंगीत खडूनं जर्मनीचा नकाशा काढून मी पोरांना सांगायची : तुकड्या-तुकड्यांची संस्थानं होती, एका पोलादी माणसानं त्यांचं राष्ट्र केलं. हरले, उपाशी राहिले, पुन्हा उभे राहिले. आणि पुढे तो आखूड मिशीचा आला. 'वाईट होता हो,' असं मी म्हणायची, आणि दुसऱ्या दमात, 'पण शिस्त बघा! गाड्या कशा घड्याळाच्या काट्यावर!' हे सांगताना माझा आवाज असा काही चढायचा की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दार लावून घ्यायचे.

मी मैदान झाडायला पोरांना रांगेत नेत असे आणि त्याला 'जर्मन पद्धत' म्हणत असे. संध्याकाळी बोर्लीला परतायची यष्टी रोज उशिरा यायची. एकदा मी कंडक्टरला सगळ्यांदेखत झापलं, "जर्मनीत असं चालत नाही!"

"व्हय काय?" तो तिकिटं पंच करत म्हणाला. "मंग बाई, उद्यापास्नं जर्मनीचीच यष्टी पकडा. हिला ब्रेक न्हाय."

सगळी गाडी हसली. मी घरी येईपर्यंत त्याच्या अडाणीपणाची कीव करत होते. बाईसाहेब!

आणि ज्यूंचं काय शिकवलं? धड्याच्या शेवटी टीप होती, अडीच ओळींची. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, त्यांनी केलं काय होतं, म्हणून मारलं?" मी म्हटलं, "ते सोड. ते परीक्षेला येत नाही."

हे मी म्हटलं होतं. मीच. ते वाक्य इतकी वर्षं माझ्यात कुठे पडून होतं देव जाणे. तो कागद वाचला आणि ते जसंच्या तसं कानात वाजलं, माझ्याच त्या चढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी नातीला व्हिडिओ फोन लावला. तिच्याकडे सकाळ, माझ्याकडे दुपार. शेजारी नातजावई कॉफी घेऊन बसलेला.

"अगं, हा परिच्छेद..."

"लांब झाला का, आजी?"

"लांब नाही गं. पण आमच्याकडे त्या रकान्यात चांगलं लिहितात."

तिनं त्याला जर्मनमध्ये सांगितलं. तो कपाकडे बघत सावकाश काहीतरी बोलला. ती म्हणाली, "तो म्हणतो, पणजोबा घरात फार लाडके होते. मुलांना खेळण्यातली आगगाडी करून दिली होती. ते गेल्यावर त्याच्या आईनं दप्तरखान्यात जाऊन कागद पाहिले, त्यांवर पणजोबांची सही होती. आई वर्षभर कुणाशी बोलली नाही. ज्या पुस्तकात आमच्या मुलांची नावं येणार त्यात नुसतं 'रेल्वेत नोकरी' असं तो लिहिणार नाही."

"आणि कुलवृत्तांत मंडळ नाही म्हणालं तर?"

"तर आमची नोंदच काढून टाक, आजी. माझ्या नावासकट."

ती सहज म्हणाली. पण मी तिला लहानपणी ते जुनं पुस्तक मांडीवर घेऊन नावं वाचायला शिकवलं होतं. तिला ठाऊक होतं ती काय सोडते आहे, आणि मलाही.

मंडळाचे रायगडचे प्रमुख म्हणजे माझे धाकटे दीर. ऐंशीच्या पुढचे, पण पायजम्याला घडी असते. परवा सकाळी ते चौलहून आले आणि कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"वहिनी, हा कुलवृत्तांत आहे. पोलीस ठाण्याची डायरी नव्हे."

"त्याचं घराणं आहे, भाऊजी. त्याला ठाऊक आहे ते लिहिलंन."

"लिहू दे त्याच्या देशात. आपल्या पुस्तकाला कशाला डाग? आपल्यात आहे का असं कुणी?"

खरं तर मी इथे गप्प बसायचं. मागल्या आवृत्तीत बसलेच होते की. त्या आवृत्तीतली माझ्या सासऱ्यांची नोंद माझ्या हातची आहे, तेव्हा मला भाषेचा फार अभिमान. 'विशेष कामगिरी : गावासाठी सार्वजनिक विहीर बांधून दिली.' सार्वजनिक हा शब्द माझा. सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता मला सांगितलं होतं, पहिल्याच उन्हाळ्यात बौद्धवाडीतल्या एका बाईनं (तेव्हा त्या वाडीला दुसऱ्याच नावानं हाक मारत) त्या विहिरीत कळशी सोडली. सासऱ्यांनी तिला रहाटाच्या दोरानं मारलं आणि सगळी विहीर उपसून घेतली. हे ऐकून मी काय केलं? घरात गेले आणि 'सार्वजनिक' लिहिलं. आणि दर वर्षी शाळेत महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण ठोकायची तीही मीच. टाळ्या पडत.

"आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"मामंजी. विहीर."

भाऊजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे उठतील आणि माझ्या घरचं पाणीही पिणार नाहीत. मला बोलायचंही नव्हतं इतकं, पण जीभ सुटली होती. मी मुद्रिताचा कागद पुढे ओढला आणि लाल पेनानं 'सार्वजनिक' खोडलं. वर लिहिलं : 'या विहिरीवर पाणी भरणाऱ्या दलित स्त्रीला त्यांनी मारहाण केली.' अक्षर शाळकरी आलं.

"जर्मनाचं गाळायचं असेल तर हेही गाळा," मी म्हटलं. "आणि मग माझंही नाव काढा."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मी आता शिव्या खायच्या तयारीनं बसले होते. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"एकटी नव्हती ती," ते म्हणाले.

मला कळेना.

"कडेवर पोर होतं. पडलं ते खाली, दगडावर. मी तिथेच होतो, वहिनी, रहाटाजवळ. सात वर्षांचा." त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं, पण लिहिलं नाही, परत दिलं. "लिहायचं तर नीट लिहा. जर्मनाचं राहू दे तसंच."

साठ वर्षं आम्ही एका घराण्यात काढली. या माणसाला मी दर दिवाळीला ओवाळलं आहे. त्यानं हे कधी, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी खोडलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. पोर मुलगा की मुलगी, हे विचारायला मान वर केली, तर भाऊजी डोळे मिटून बसले होते.