भोकाचा गोड वडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं, तर ती तेव्हा निघून गेली होती. बहिणीला सांगायचं, तर — नको. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

चिंचोळी एमआयडीसीत मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तिथली पोरं मला एकाच गोष्टीवरून चिडवतात. सोलापूरच्या एसटी स्टँडासमोर एक कॉफीचं दुकान आहे. नाव सांगत नाही. तुमच्या गावातही त्याचं एखादं भावंड असेलच — तोच नारिंगी बोर्ड, तेच कागदी कप. कॉफी पाणचट. काचेच्या कपाटात डोनट, वर चॉकलेटचा थर, आत नुसता मैदा. कित्येक वर्षं मी दर रविवारी सकाळी तिथंच जातो. पोरं म्हणतात, साहेब, तितलं जावई हाय का तुमी? मी म्हणतो, स्वस्त आहे. चव बदलत नाही. कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. ही सगळी उत्तरं खरी आहेत. म्हणून तर ती पुढं करायला बरी पडतात.

असल्या दुकानाला माणसं का धरून राहतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चवीसाठी? ती चव काय चव आहे! काउंटरवरची मुलगी मला दर आठवड्याला बघते आणि दर आठवड्याला तितक्याच परकेपणानं विचारते, काय देऊ? तिला माझं नाव माहीत नाही. माझी बायको कुठं आहे, हे तिला विचारायचं नसतं. कप हातात देते आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळते. एवढंच मला हवं असतं.

आई वैरागला एकटी राहायची. बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि त्यानंतर मला वैरागला जाणं नकोसं झालं. गल्लीत पाय ठेवला की कोणी ना कोणी विचारायचंच — काय ठरलं मग? आई काहीच विचारायची नाही. मी जेवायला बसलो की समोर बसून बघत राहायची. लोकांचे प्रश्न परवडले. तिचं ते बघणं सोसायचं नाही. मग मी फोनवर सांगायला लागलो, आता रविवारीही दुपारपाळी असते. कारखाना रविवारी बंद असतो, हे तिला कोण सांगणार होतं?

तिनं त्यातूनही वाट काढली. रविवारी सकाळच्या वैराग गाडीनं डबा पाठवायला लागली, कंडक्टरच्या हाती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी वांगं. मी कामावर जाता जाता स्टँडवर तो घ्यायचा आणि मागच्या रविवारचा डबा परत द्यायचा, असं ठरलं. रिकामा डबा पाठवायचा नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून मी त्यात साखर घालायचो. काही न सुचणारा माणूस साखर घालतो. तर गाडी येईपर्यंत मी त्या दुकानात बसायचो, आणि डबा घेतला की पुन्हा तिथंच येऊन बसायचो. पाळी वगैरे काही नव्हतीच ना.

आता त्या रविवारचं सांगतो.

गाडी लागली. मी उठणार, तेवढ्यात कंडक्टरच्या मागून आई उतरली. डबा पोटाशी धरलेला. चांगलं लुगडं नेसली होती. फलाटाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत मला शोधायला लागली. मध्ये फक्त रस्ता होता. मी हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती.

मी परत खाली बसलो.

का? कामावर चाललोय असं तोंडावर सांगावं लागलं असतं, म्हणून? ती बघत राहिली असती, म्हणून? खरं सांगू, तेव्हा आत काहीच हललं नाही. काचेवर ऊन होतं, बाहेरून आतलं दिसत नसणार, एवढाच विचार केला. समोरचा डोनट खाल्ला. ती उभी होती. नंतर तिनं केळीवाल्याजवळ डबा ठेवला, त्याला माझं नाव दोनदा सांगितलं असावं, आणि वैरागच्या गाडीत चढली. गाडी गेल्यावर मी डबा आणायला गेलो. केळीवाला म्हणाला, म्हातारी लई येळ थांबली हुती की. मी मान हलवली.

संध्याकाळी तिचा फोन आला. डबा पोचला का? मी म्हणालो, पोचला, कंडक्टरनं दिला. ती आल्याचं बोलली नाही. मग म्हणाली, "त्यो काळा, भोकाचा वडा... गोड असतोय का रं?"

डोनट आमच्या घरात कधी आला नव्हता. मी त्याचं नावही कधी तिच्यापुढं काढलं नव्हतं.

मी म्हणालो, व्हय, गोड असतोय.

"बरं हाय. खात जा," म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी फलाटावर ती उभी होती तिथं जाऊन उभा राहिलो. काचेवर तसंच ऊन होतं. आतलं सगळं दिसत होतं. माझं टेबल, माझी खुर्ची. तिथं बसलेल्या माणसाच्या हातातला कपसुद्धा. म्हणजे मागच्या रविवारी त्या टेबलावर साखर भरून ठेवलेला तिचा डबाही तिला दिसला असणार.

तिनं हाक मारली नव्हती.

काउंटरवर गेलो. डब्यात एक डोनट घालून पाठवावा, असं मनात आलं. तिनं विचारलं होतं ना? पण तो घातला असता, तर मी तिथं होतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मुलीनं विचारलं, काय देऊ? मी म्हणालो, कॉफी.

वैरागची गाडी आली. नवा डबा घेतला, जुने दोन्ही दिले. दोन्हींत साखर होती. पुढं आई वारली, तोवर मी साखरच घालत राहिलो.