साठपैकी साठ मार्कांचा मासेमार

आमच्या रुपेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, परीक्षेशिवाय काही करताच येत नाही. म्हणून तर हा माणूस जर्मनीत सुखी आहे. इथे तळ्यात गळ टाकायलासुद्धा परीक्षा द्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि आमच्या मुलीने, ऊर्जाने, मिळून त्या परीक्षेचा कोर्स केला. रुपेशला साठपैकी साठ, ऊर्जाला सत्तेचाळीस. निकाल लागला त्या दिवशी याने सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावून पेढे वाटायला सांगितले. त्यानंतर दोन वर्षांत मासा म्हणाल तर एकही नाही. दर वेळी काहीतरी चुकतं आणि चूक कायम पाण्याची असते.

एकवीस वर्षं झाली, रुपेश ब्राउनश्वाइगमध्ये गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतो. माणूस वाईट नाही हो. पण दूध उतू जात असलं तरी आधी किती डिग्रीला उतू गेलं ते बघेल आणि मग गॅस बंद करेल. असल्या माणसाबरोबर मी ऊर्जाला घेऊन जूनमधल्या एका शनिवारी पाठीवर सॅक टाकून हार्झच्या डोंगरात निघाले. दोन दिवस, दोन तळी, मधे मुक्कामाला एक ह्युट्टे, म्हणजे डोंगरातलं साधं लाकडी घर.

ट्राउट मासे हे निमित्त होतं. ऊर्जा सोळाची, नुकतीच दहावी झालेली. तिला इंजिनिअरिंग नको, पुढची शाळाही नको. बाड हॉम्बुर्गच्या एका हॉटेलने तिला शेफच्या आउसबिल्डुंगला घेतलं होतं. तीन वर्षं तिथेच राहायचं, काम करत शिकायचं. मुलगी अठराच्या आतली, म्हणून करारावर आईबाप दोघांच्याही सह्या लागत होत्या आणि कागद सोमवारी पाठवायचा होता. रुपेश सही करेना. "कांदे चिरायला आलो का आपण इथे?" हे एकच वाक्य मी सहा आठवडे ऐकत होते. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी म्हणाला, "डोंगरात शांतपणे बोलू."

शांतपणे! याने तिघांच्या सॅक लगेज काट्यावर तोलल्या. माझी तेरा किलो भरली. वर पोचल्यावर उघडून बघते तर आत याची घडीची खुर्ची, दोन थर्मामीटर आणि कुठला मासा कधी धरायचा नाही याचा लॅमिनेट केलेला तक्ता. माझा स्वेटर मात्र 'अनावश्यक' म्हणून गाडीतच राहिला होता. कपाळ माझं!

चढावर हा पुढे, तोंडाची टकळी चालू. "आधी आबिटुअर कर, मग काय हवं ते कर. गेनाऊ? बरोबर ना?" आबिटुअर म्हणजे इथली बारावी. ऊर्जाच्या कानात इअरफोन. "या, बाबा," ती म्हणायची. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, पण आमच्या घरात 'या, बाबा' म्हणजे साफ नाही, हे बापाला सोडून सगळ्यांना कळतं.

पहिल्या तळ्यावर पाच तास बसलो. वरून भुरभुर पाऊस. याने पाण्याचं तापमान चौदा वेळा लिहून घेतलं. मी काही बोलायला गेले की, "शूः! मासे ऐकतात."

"ऐकतात तर येत का नाहीत मेले?" मी म्हटलं. ऊर्जा हसली. तो तक्ता वाचत बसला.

रविवारी सकाळी दुसऱ्या तळ्यावर मात्र दोरी ताणली गेली. "उल्का! जाळी! जाळी आण!" हा मला हाक मारत असा ओरडला की पलीकडच्या काठावरचा म्हातारा उठून उभा राहिला. जाळीत चांगला जाडजूड ट्राउट आला. रुपेशने पट्टी लावली. तेहेतीस सेंटीमीटर. मापात बसत होता.

आणि मग हा नुसता उभाच राहिला.

इथे कायदा असा की मापातला मासा उगाच गंमत म्हणून धरून परत सोडायचा नाही. लगेच मारायचा, त्याचे हाल करायचे नाहीत. रुपेशला सगळं पाठ. "तर, आधी डोळ्यांच्या मागे एक फटका, मग सुरी..." तोंडाने धडा चालू, हातात लाकडी दांडका, पण दांडका वर तो वरच.

"अरे मार ना! तडफडतोय तो!"

"मारतो, मारतो. सोडून देऊया का?"

मला इतका संताप आला की काय सांगू. आणि कीवही आली, खोटं कशाला बोलू!

ऊर्जाने इअरफोन काढले. "गिब हेर," म्हणाली, दे इकडे. त्याच्या हातातून दांडका घेतला, एकच फटका मारला, सुरी लावली. मासा शांत झाला. मग तिथेच काठावर बसून तिने पोट उघडलं, आतलं सगळं पिशवीत काढलं, कण्यावरून अंगठा फिरवला, मासा धुतला. दोन मिनिटंही लागली नसतील. रुपेश रिकामी जाळी धरून तिच्या हातांकडे बघत राहिला.

ह्युट्टेच्या स्वयंपाकघरात तिने तो हळद-तिखट लावून लोण्यात परतला. रुपेश एरवी प्रत्येक पदार्थाला दहापैकी मार्क देतो. त्या दिवशी काटे बाजूला काढत मुकाट जेवला. मग मला म्हणाला, "तो कागद आण." करार मी सॅकमध्ये घेऊनच आले होते.

सगळी पानं वाचली. आमच्या पत्त्यातली एक चूकसुद्धा काढली, काढणारच! मग पेन हातात धरून म्हणाला, "हॉटेलवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी नसते. मग ही घरी येणार कधी?"

मी म्हटलं, "हे सहा आठवडे बोलला का नाहीस? आबिटुअर आबिटुअर करून डोकं खाल्लंस माझं!"

"ते बोलायला सोपं होतं," तो म्हणाला.

"सोमवारी येईन, बाबा," ऊर्जा म्हणाली. मराठीत म्हणाली. "सोमवारी त्यांचं किचन बंद असतं."

"सोमवारी मला ऑफिस असतं."

"मग संध्याकाळी लवकर ये."

त्याने सही केली. तारीख घातली. कागद माझ्यासमोर सरकवला. "घे. आता तुझी."

मी पेन घेतलं. त्याच्या सहीखाली माझी रेघ रिकामी होती. ऊर्जा आमच्याकडे पाठ करून सिंकमध्ये तवा घासत होती. तिची बाही ओली होत होती आणि ती वर सारायचं तिला सुचत नव्हतं.

"पेन चालत नाहीये," मी म्हटलं.

रुपेशने पेन घेतलं, स्वतःच्या तळहातावर ओढून बघितलं. छान निळी रेघ उमटली. "चालतंय की!"

"माहितीये मला!" मी ओरडले. "जरा दोन मिनिटं थांब ना!"