गल्ल्यावर दापोलीचा ओंकार

मंडळी, आज कॉलेजात हसून हसून पोट दुखलं.

मी मुलांना उद्योजकता शिकवते. आज त्यांनी गेटपाशी फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा स्टॉल लावला होता. आराखडा झकास, पाकिटं देखणी. तासाभराने जाऊन बघते तर निम्मी पाकिटं संपलेली आणि गल्ला रिकामा!

"सानिया, पैसे कुठे गं?"

"मॅडम, पावस गावाहून माझी खाला आली, अम्मीची बहीण, मग शेजारचे काका आले. आपल्या माणसांकडनं पैसे कसे मागायचे?"

मी कपाळाला हात लावला. रत्नागिरीत अनोळखी गिऱ्हाईक आणायचं कुठून? आमच्या आराखड्यात हा धोका कुणी धरलाच नव्हता.

शेवटी सानियानेच तोड काढली. दापोलीहून शिकायला आलेल्या ओंकारला तिने गल्ल्यावर बसवलं. त्याचे इथे ना काका, ना मावशी. दुपारपर्यंत एकच पाकीट उरलं!

आनंदाच्या भरात मी ते उचललं आणि फोडून खायला लागले. ओंकार अदबीने म्हणाला, "मॅडम, पन्नास रुपये."

अरे, मला तर तू चांगला ओळखतोस! पण दिले बाई. वर पैकीच्या पैकी मार्कही दिले.

खरं सांगा, तुमच्या गल्ल्यावर कोण बसतं, सानिया की ओंकार?