नऊ नंबरचा शर्ट

आज इथे आखातात, अल कुसैसच्या घरात मुलीने शाळेच्या टी-शर्टवरच्या छापील नावावरच इस्त्री फिरवली आणि जळक्या रबराचा वास सुटला. त्या वासासरशी मी पुन्हा माझ्या जुन्या फुटबॉल क्लबच्या किट-रूममध्ये जाऊन उभा राहिलो.

मी तिथे खेळाडूंचे कपडे सांभाळायचो. नऊ नंबरचा शर्ट घालणारा नॉर्वेचा एक स्ट्रायकर होता, देशासाठी खेळलेला, पण आमच्याकडे येईपर्यंत त्याचा गुडघा कामातून गेला होता. एका दुपारी मॅनेजरने फोनवर सांगितलं, "नवा माणूस येतोय. नऊ नंबरवरचं नाव काढ, यल्ला, लवकर."

चिकटवलेलं नाव इस्त्रीने तापवून गरम असतानाच सोलावं लागतं आणि शर्ट कुणाला तरी ताणून धरावा लागतो. तेवढ्यात तोच स्ट्रायकर दारात आला. त्याला काढल्याचं कुणी सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. त्याने माझं कधी काही बिघडवलंही नव्हतं. तरी मी शर्टाचं टोक पुढे केलं, "पकडो, हबीबी." त्याच्या मागचे दोन खेळाडू फिदीफिदी हसले.

मग त्याने दोन्ही हातांनी शर्ट ताणून धरला आणि मी त्याचं नाव एकेक अक्षर सोलत गेलो. शेवटच्या अक्षराला माझं बोट भाजलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "केअरफुल."

देराच्या भाड्याच्या खोलीत हा किस्सा सांगून मी कित्येक वर्षं सोबत राहणाऱ्या सगळ्यांना हसवलं. आज मुलीलाही सांगितला. ती हसली नाही. "अब्बा, व्हॉट डिड हिज फेस लुक लाइक?"

तेव्हा मी फक्त शर्टाकडे बघत होतो, कुठे जळला तर नाही ना.