एका रोलपुरतं औषध

"तुमचा एक फोटो म्हणजे दोन माणसांचं जेवण. माझा एक फोटो म्हणजे अर्धा चहा. आता बोला!"

मामी हे काउंटरवरून, गिऱ्हाइकांच्या देखत बोलायची. सगळी गल्ली या नवरा-बायकोला मामा-मामीच म्हणते. स्टुडिओत पुढे मामीचं डिजिटल प्रिंटचं मशीन. बटण दाबलं की फोटो बाहेर. मागे पडद्याआड मामांची डार्करूम.

हिशोबात मामीचं चुकत नव्हतं. रोल धुवायचं औषध एकदा कालवलं की एक रोल धुवा नाहीतर दहा, खर्च तोच. पूर्वी दहा यायचे, खर्च वाटला जायचा. आता चुकूनमाकून एखादा आला, तर अख्खी बाटली त्याच्याच माथी. उरलेलं औषध पडून पडून मरतं.

अशात शाळेतल्या एक बाई आल्या. आई गेल्यावर कपाट आवरताना तिचा जुना कॅमेरा सापडला होता, आत रोल तसाच.

"यातून काही निघेल का हो?"

"निघेल की."

"किती होतील?"

मामीने मशीनवरून मान तिरकी केली. मामांनी ते पाहिलं आणि झोकात मशीनचाच दर सांगून टाकला.

बाई उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच मामी म्हणाली, "दानधर्म काढलाय का?"

"नवं कालवतोय कोण? गेल्या वेळचं आहे की बाटलीत."

"चालेल ते?"

"जरा जास्त वेळ ठेवायचं. औषधाला काय कॅलेंडर कळतं?"

औषधाला कळत होतं. रोल बाहेर आला तो काचेसारखा स्वच्छ. मामा तो उजेडात धरून उभेच राहिले.

"कोराच होता म्हणून सांगा," मामी हळूच म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "बाईंना काय कळतंय?"

"अगं, कडेचे आकडे बघ. ते कारखान्यातच टिपलेले असतात, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. औषध चांगलं असलं की उमटतातच. तेसुद्धा उमटले नाहीत. माझं औषध मेलेलं होतं."

"ते तुम्हाला ठाऊक. आणि बोभाटा झाला तर माझ्या मशीनकडे तरी कोण फिरकेल?"

मामांनी रोल काउंटरवर आणून ठेवला.

बाई आल्या. मामांचा चेहरा बघूनच त्या हसल्या. "काही नाही ना आलं? वाटलंच मला. आईला कॅमेरा कधी जमलाच नाही. झाकण न काढताच फोटो काढायची."

मामीने सुटकेचा श्वास सोडला. "हो ना, होतं असं कधी कधी…"

"नाही," मामा म्हणाले. "तुमच्या आईंची चूक नाही. आत फोटो होते की नव्हते, ते आता कुणालाच कळायचं नाही. मी जुनं औषध वापरलं. नवं परवडत नव्हतं."

मशीन घरघरत होतं. मामीने ते बंद केलं.

"नव्याला किती लागले असते?" बाईंनी विचारलं.

मामांनी आकडा सांगितला.

"एवढेच?" बाईंचा आवाज चिरकला. "अहो, मग मागायचे ना! दिले असते मी."

बाईंनी ती कोरी फिल्म गुंडाळून रुमालात बांधली, पर्समध्ये जपून ठेवली आणि दोघांकडे न बघता पायऱ्या उतरल्या.